पर्स्लोंच्या फुलदाणीचं झाकण

झाकण हातातून निसटलं तेव्हा अँब्रोज पर्स्लो घरात एकटे होते, हे एका परीनं बरंच झालं. चारचौघांत दुःख करणं त्यांना जमत नसे. वकिलाच्या कचेरीत तीस वर्षं दस्तऐवजांच्या नकला उतरवल्या की माणसाला एक सवय लागते. जे काय असेल ते सुवाच्य अक्षरात कागदावर, तोंडावर काही नाही. चार महिन्यांपूर्वी, नोव्हेंबरात, त्यांची बायको डॉर्कस गेली, तेव्हाही भेटायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी "आपण आलात, आभारी आहे" एवढंच सांगितलं. त्यावरून आमच्या हॉलोगेट गावात दोन तट पडले. एक म्हणे माणूस धीराचा, दुसरा म्हणे माणूस दगड.

दोन्ही तटांना काही ठाऊक नव्हतं. ठाऊक व्हायला संध्याकाळी सहाला पर्स्लोंच्या घरात असायला हवं होतं. सहाला ते कचेरीतून येत, कोट खुंटीला लावत, हात धूत, शेकोटीच्या फळीवर ठेवलेल्या फुलदाणीचं झाकण उचलत, आत नाक घालून एक श्वास घेत आणि झाकण पुन्हा लावून टाकत. एकच श्वास. दुसरा नाही. असलेला वास ऑगस्टपर्यंत पुरवायचा होता. ऑगस्टनंतर काय, याचा त्यांनी विचार केलेला नव्हता.

आम्ही तिला फुलदाणी म्हणतो, पण तिच्यात फुलं कधीच ठेवत नाहीत. बुटकी, पोटाशी फुगीर, मानेभोवती मातीच्या बारीक बारीक फुलांची झालर, खांद्याला भोकं आणि झाकणावर एक पिवळा पक्षी. आत वाळवलेल्या पाकळ्या भरायच्या आणि भोकांतून वास खोलीभर जाऊ द्यायचा. नोव्हेंबरपासून मात्र पर्स्लोंनी ती भोकं मेणानं बुजवून टाकलेली होती. डॉर्कस दर ऑगस्टात गुलाबाच्या पाकळ्या, जाडं मीठ, लवंग आणि आणखी कसकसल्या मुळ्या असे थरावर थर लावायची आणि वरून हातानं दाबायची. मिठानं पाकळ्या ओलसर राहत, म्हणून शेवटच्या थरावर तिच्या चार बोटांचे ठसे अजून तसेच होते. उरलेल्या पाकळ्यांच्या पुरचुंड्या बांधून ती नाताळात सगळ्या गल्लीला वाटायची, आणि सगळी गल्ली "अय्या, कशाला उगाच" म्हणत घ्यायची. यंदाच्या नाताळात कुणाला पुरचुंडी मिळाली नाही, आणि कुणी तसं बोलूनही दाखवलं नाही.

आता आमच्या गावच्या चिनीमातीबद्दल एक खरं ते सांगून टाकतो. चीनकडून येते ती अस्सल, खणखणीत, कशालाही न डरणारी. तिचं गुपित आमच्याकडे कुणाला उलगडलं नाही. मग आमच्या लोकांनी काच कुटली, पांढऱ्या मातीत कालवली आणि तिच्यासारखं दिसणारं काहीतरी भट्टीतून काढलं. रंगानं लोण्यासारखं, आणि धीरानंही लोण्यासारखंच. कढत चहा ओतला की पेला तडकतो, म्हणून आम्ही पेल्यात आधी दूध घालतो आणि मग चहा. परगावचे पाहुणे याला आमची रीत समजून घरी जाऊन तसंच करतात, आणि आम्ही त्यांना करू देतो.

तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात, दिवसभर एका लांबलचक मृत्युपत्राची नक्कल करून बोटं गारठलेली असताना, पर्स्लोंच्या हातून झाकण सुटलं आणि शेकोटीच्या दगडी कडेवर आपटलं. पक्षी निखळला आणि काठाचा नखाएवढा टवका उडाला. फार काही नव्हतं. झाकण बसत होतं, फक्त जरा तिरकं, आणि फटीतून वास बाहेर येत होता. पर्स्लो खुर्चीत बसले आणि ती फट बघत राहिले. दुसरं कुणी असतं तर त्यानं रडून घेतलं असतं आणि मोकळा झाला असता. पर्स्लोंनी टवका रुमालात बांधला आणि दुसऱ्या दिवशी औषधवाले ओकडेन यांच्याकडे गेले.

ओकडेनना कधी कुणी काही विचारलं आणि ते "मला माहीत नाही" म्हणाले, असं आमच्या गावात घडलेलं नाही. त्यांनी सांगितलं की चिनीमाती जोडायला लसणीच्या रसासारखं दुसरं काही नाही. रस काढायचा, चुन्यात खलायचा, लावायचा आणि तीन दिवस हात लावायचा नाही. पर्स्लोंनी लसणीच्या दोन गड्ड्या सोलल्या. पक्षी घट्ट बसला, टवकाही बसला. मग सहा वाजता पर्स्लोंनी झाकण उचललं, श्वास घेतला, आणि त्या श्वासात निम्मी डॉर्कस होती आणि निम्मी लसूण.

इथे बॅगलीबाईंचा प्रवेश होतो. खरं म्हणजे त्या आधीच आत आलेल्या होत्या, आम्हीच त्यांचं नाव घेतलेलं नव्हतं. बॅगलीबाई समोरच्या घरात राहत. दोन नवरे त्यांनी रीतसर पुरलेले होते, त्यामुळे दुःख या विषयात गावात आपला हात कुणी धरणार नाही अशी त्यांची खात्री होती. त्यांच्या खिडकीतून पर्स्लोंची शेकोटी स्वच्छ दिसे. लसणीचा वास रस्ता ओलांडून गेला आणि त्या वासामागून उलट्या रस्त्यानं त्या आल्या.

"लसूण?" त्या म्हणाल्या. "त्या ओकडेनचं ऐकून तुम्ही लसूण लावलीत? मिस्टर पर्स्लो, तुमच्या डॉर्कसनं तुम्हाला पंचवीस वर्षं सांभाळलं कसं हेच मला कळत नाही." त्यांच्या मते फुटकी चिनीमाती दुधात उकळायची असते. दूध फटीत शिरतं, घट्ट होतं, आणि लसणीचा वासही ओढून घेतं. त्यांच्या पहिल्या नवऱ्याची दाढीची वाटी त्यांनी अशीच जोडली होती आणि ती त्या नवऱ्यापेक्षा जास्त टिकली.

लसणीचा वास ओढून घेतं, एवढंच पर्स्लोंनी ऐकलं. आधी दूध, मग चहा असं जन्मभर करत आलेल्या माणसाला त्यामागचं कारण आठवायला हवं होतं. पण काही गोष्टी आपण इतकी वर्षं करत असतो की त्या कशासाठी करतो हेच विसरून जातो. दूध चुलीवर चढलं, झाकण आत गेलं, बॅगलीबाई डाव घेऊन उभ्या राहिल्या. दुधाला पहिली उकळी आली आणि आतून 'टक्' असा बारीक आवाज झाला. झाकणाचे सरळ दोन तुकडे झाले होते आणि पक्षी तळाशी उताणा पडला होता. बॅगलीबाईंनी डावानं तो बाहेर काढला आणि दूध कमी पडलं म्हणून असं झालं असं सांगितलं.

आता झाकणच उरलं नाही. ताटली ठेवावी तर मानेभोवतीच्या फुलांमुळे ती बसेना. लाकडाची फळी ठेवली तर एका फुलाची पाकळी मोडेल अशी भीती. त्या फुलांतली दोन डॉर्कसनं स्वतः वळलेली होती. लग्नाआधी ती नदीपलीकडच्या थॉर्लीच्या कारखान्यात मातीची फुलं वळायला होती, आणि लग्नात कारखान्यातल्या बायकांनी तिला ही फुलदाणी दिली होती. नेमकी कुठली दोन फुलं आपली, हे तिनं पंचवीस वर्षांत सांगितलं नाही. पर्स्लो दर वाढदिवसाला एक फूल दाखवायचे आणि ती मान हलवायची.

शेवटी पर्स्लोंनी आपली झोपताना घालायची टोपी फुलदाणीला घातली आणि खाली नाडी बांधली. उपाय वाईट नव्हता. पण बॅगलीबाईंनी खिडकीतून पाहिलं की संध्याकाळी सहाला पर्स्लो येतात, भांड्याची टोपी सोडतात, त्याच्यावर वाकतात, आणि पुन्हा टोपी घालून नाडी बांधतात. रविवारी चर्चमध्ये पर्स्लोंच्या मागच्या दोन बाकांवर कुणी प्रार्थना केली असेल असं वाटत नाही. सोमवारी पाद्रीबाबा स्वतः घरी आले. त्यांनी हवापाण्याच्या गप्पा केल्या, मग मूर्तिपूजा हे पाप कसं आहे ते अगदी सहज म्हणून सांगितलं आणि सांगताना एकदाही फळीकडे पाहिलं नाही. 'आत डॉर्कसचा वास आहे' एवढं एकच वाक्य पर्स्लोंना म्हणायचं होतं. ते जिभेच्या टोकापर्यंत आलंही होतं.

"धूळ बसू नये म्हणून घातलीय," पर्स्लो म्हणाले.

टोपीला त्यांच्या डोक्याच्या तेलाचा वास होता आणि तो आत उतरत होता. दहाव्या दिवशी श्वास खूप खोल घ्यावा लागला. अकराव्या दिवशी त्यांनी कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा मागितली, तीस वर्षांतली दुसरी, आणि झाकणाचे तुकडे घेऊन पूल ओलांडून थॉर्लीच्या कारखान्यात गेले.

कारखान्यात शिरायचं तर आधी क्रिकमोर नावाच्या कारकुनासमोर उभं राहावं लागे. पर्स्लो स्वतः कारकून, त्यामुळे दुसऱ्या कारकुनाला किती भ्यावं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. क्रिकमोरांनी तुकडे पाहिले आणि सांगितलं की हा माल इथला नाही, कारण इथला माल फुटत नाही. पर्स्लो म्हणाले, फुलदाणीच्या बुडाला तीन काळपट डाग आहेत, भट्टीत खाली मातीच्या तीन गोळ्या ठेवतात त्यांचे, आणि ते याच कारखान्यात पडतात. हे त्यांना डॉर्कसनं सांगितलेलं होतं. क्रिकमोरांनी नाइलाजानं एक जुनी वही काढली, बोट फिरवत पानं उलटली, आणि नोंद सापडली याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

"डॉर्कस फेल हिला लग्नाप्रीत्यर्थ," त्यांनी वाचलं. फेल हे तिचं माहेरचं आडनाव. "म्हणजे वस्तू तिची. तिला पाठवा."

"ती येऊ शकणार नाही."

"का?"

पर्स्लोंनी आपली बाहेर घालायची टोपी या हातातून त्या हातात घेतली. "ती बाहेर आहे," ते म्हणाले.

"मग आली की पाठवा," असं म्हणून क्रिकमोरांनी वही मिटली. पर्स्लो पूल ओलांडून परत आले. वाटेत त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की पुलावर ओळखीचा माणूस भेटला तर त्यालाही त्यांनी ओळख दिली नाही.

जे तोंडानं सांगता येत नाही ते कागदानं सांगावं, हा त्यांचा धंदाच होता. ते चर्चमध्ये गेले आणि दफनाच्या नोंदवहीतला उतारा मागितला. तिथल्या म्हाताऱ्या लेखनिकाला डोळ्यांनी दिसेनासं झालेलं. तो म्हणाला, तुमचं अक्षर गावात एक नंबर, तुम्हीच उतरवून घ्या, मी सही ठोकतो. पर्स्लोंनी आयुष्यात शेकडो मयतांची नावं उतरवली होती. ही एकच ओळ होती. 'डॉर्कस, अँब्रोज पर्स्लो यांची पत्नी, नोव्हेंबर बारा.' ती उतरवायला त्यांना पाऊण तास लागला आणि 'पत्नी' या शब्दावर शाईचा डाग पडला. लेखनिक सही करताना म्हणाला की डाग चालायचा, वाचता येतंय.

क्रिकमोरांनी उतारा वाचला. एवढं मात्र कबूल करायला हवं की वाचून ते उठून उभे राहिले. मग पुन्हा बसले आणि वहीत उतारा डकवून म्हणाले की डागडुजीची शेड उजव्या हाताला, शेवटची.

डागडुजी करायचे इनॉक टनिक्लिफ. सत्तरीचे, हातांना कायमचा पांढरा थर, आणि बोलणं फारच कमी. शेजारच्या लांब बाकावर रंगकाम करणाऱ्या दहा-बारा बायका बसत आणि टनिक्लिफांच्या वाट्याचंही बोलत. टनिक्लिफांनी तुकडे हुंगले, लसूण ओळखली आणि दूधही ओळखलं. मग त्यांनी सांगितलं की डिंक-चुन्याचं हे काम नाही. सांध्याला काचेची पूड लावून पुन्हा भट्टीत घालायचं. पण झाकण एकटं भाजता येत नाही. ही माती मऊ, आगीत एकटी ठेवली की वाकडी होते. झाकण आपल्याच भांड्यावर बसवून भाजायचं, ही इथली पद्धत. "तेव्हा भांडं घेऊन या," ते म्हणाले. "रिकामं करून."

रिकामं करून. त्या संध्याकाळी सहाला पर्स्लोंनी मातीची एक बरणी घासूनपुसून घेतली, लाकडी चमचा घेतला आणि फुलदाणीची टोपी काढली. आत शेवटच्या थरावर चार बोटांचे ठसे होते. करंगळीचा ठसा जरा बाहेर, कारण डॉर्कसची करंगळी लहानपणी मोडून वाकडी बसली होती. पर्स्लोंनी चमचा आत नेला आणि बाहेर काढला. पुन्हा आत नेला, पुन्हा बाहेर काढला. सात वाजले तरी ते चमचा धरून तसेच उभे होते, आणि समोर बॅगलीबाईंची मान खिडकीत अवघडून गेली होती.

मग त्यांना वाटलं, टनिक्लिफांचे हात सोन्याचा वर्ख उचलणारे. ते उचलतील, वरचा थर न मोडता. फक्त त्यांना नीट सांगायला हवं. पर्स्लो टेबलाशी बसले आणि त्यांनी सूचना लिहून काढल्या. चौदा कलमं झाली, तीन पानं भरली. 'सदरहू पात्रातील अंतर्भूत जिन्नस सोबतच्या बरणीत, ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने, वरील पृष्ठभागास यत्किंचितही बाध न येता स्थलांतरित करणे.' 'कलम नववे: सदरहू जिन्नस ढवळणे, हलवणे, हुंगणे अगर त्यास वारा देणे यास सक्त मनाई आहे.' अक्षर असं की छापखान्यानं लाजावं. तीन पानांत पाकळी हा शब्द नव्हता आणि डॉर्कस हे नाव नव्हतं.

फुलदाणी न्यायला बॅगलीबाई बरोबर आल्या. तुम्ही पाडाल, असं म्हणून टोपली त्यांनीच धरली. कारखान्यात त्यांना पाहून रंगकामवाल्या बायकांचे कुंचले थांबले. टोपी घातलेल्या भांड्याची गोष्ट नदी ओलांडून इथवर आलेली होती, हे पर्स्लोंना एका नजरेत कळलं. टनिक्लिफांनी नाडी सोडली, टोपी काढून पर्स्लोंच्या हातात दिली. कुणीतरी फिसकन हसलं. म्हाताऱ्यांनी भांड्यात डोकावून पाहिलं.

"आत काय आहे?" त्यांनी विचारलं.

 बारा बायका आणि टोपली धरलेल्या बॅगलीबाई कान टवकारून होत्या, जणू सगळं गावच तिथे होतं. पर्स्लोंचे कान तापले. हातात ती झोपायची टोपी. त्यांनी बॅगलीबाईंकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं, आणि ते हसले. तीस वर्षांत ते कचेरीत कधी हसले नव्हते, ते तिथे हसले.

"जुना पाचोळा आहे," ते म्हणाले. "बाकी सगळं या कागदात लिहिलंय."

टनिक्लिफांनी कागद घेतले, मान डोलावली आणि बरणी घेतली. टनिक्लिफांना वाचता येत नव्हतं. आता हे त्यांनी सांगायला हवं होतं की नाही? पण बारा बायकांसमोर सत्तर वर्षांचा माणूस तसं कसं सांगेल? आणि ती बरणी. आमच्याकडे डागडुजीवाल्याला काहीतरी खाऊ देण्याची चाल आहे, हंसाची चरबी, मुरंबा, असलं काही. म्हाताऱ्यांनी नंतर बरणीचं झाकण उघडून पाहिलं तर ती रिकामी. रिकामी बरणी भेट देणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. त्यांना वाईट वाटलं, पण ते काही बोलले नाहीत. आमच्या गावातल्या शहाण्या माणसांची गोष्ट ही अशी आहे.

भट्टी तीन आठवड्यांतून एकदा पेटे. तीन आठवडे पर्स्लो सहा वाजता घरी आले, कोट खुंटीला लावला, हात धुतले आणि रिकाम्या फळीसमोर उभे राहिले. पहिल्या आठवड्यात फळीलाच थोडा वास होता. दुसऱ्या आठवड्यात त्यांना तो आहे असं वाटायचं. तिसऱ्या आठवड्यात ते फक्त हात धुवायचे.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी निरोप आला. दुपारी पर्स्लो गेले तेव्हा टनिक्लिफांनी बाकावर एक पुडकं ठेवलेलं होतं. ते त्यांनी हळूहळू सोडलं. फुलदाणी नव्यासारखी चमकत होती. झाकण असं बसलं होतं की सांधा शोधून सापडेना. पक्ष्याची मान आगीत किंचित वळली होती, आता तो मागे वळून पाहत असल्यासारखा दिसे. बायका उठून बघायला आल्या. कचेरी सोडून क्रिकमोरसुद्धा आले. टनिक्लिफांच्या हातून इतकं सुरेख काम दहा वर्षांत झालं नव्हतं असं सगळे म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

कमी बोलणारा तो म्हातारा त्या दिवशी बोलला. आतून एक केसाएवढी भेग होती, त्यांनी सांगितलं. कुणाच्या नजरेला आली नसती. वर्षानुवर्षं तेल पिऊन तपकिरी झालेली. "मऊ माती ती, पितेच. वास अगदी अंगात मुरलेला." एका आगीत गेला नाही, म्हणून त्यांनी स्वतःहून दुसऱ्यांदा घातली. त्याचं काही नको. डॉर्कस या शेडमधली पोर होती, तिच्या वस्तूत खोट ठेवायची नव्हती. "आता नाक घालून बघा," टनिक्लिफ म्हणाले. "काही म्हणता काही यायचं नाही."

सगळे बघत होते. पर्स्लोंनी झाकण उचललं, आत नाक घातलं आणि श्वास घेतला. म्हातारा खरं बोलत होता.

"आतलं जे होतं," पर्स्लो म्हणाले, आणि थांबले.

"पाचोळा? तो राखेच्या ढिगावर टाकला. त्याच दिवशी."

पर्स्लोंनी झाकण लावलं. नीट, हलक्या हातानं लावलं. टनिक्लिफ त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. आपण केलेलं काम आवडलं की नाही, एवढंच त्या म्हाताऱ्याला हवं होतं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं उघडं दिसत होतं.

"फार सुरेख झालंय," पर्स्लो म्हणाले. "आपला मी अतिशय आभारी आहे."

टनिक्लिफांनी आनंदानं फुलदाणी पुन्हा गुंडाळली. गुंडाळायला वापरलेले कागद पर्स्लोंनी आता पाहिले. छापखान्यानं लाजावं असं अक्षर. वरच्या घडीवर कलम नववं होतं.

राखेचा ढीग फाटकाच्या डाव्या हाताला होता, दोन माणसं उंच, आणि तीन आठवडे त्याच्यावर पाऊस पडलेला. पर्स्लो तिथे थांबले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मागून येणाऱ्या क्रिकमोरांनी काही हरवलंय का म्हणून विचारलं, तर ते म्हणाले, नाही, आज ऊन छान पडलंय.

घरी येऊन त्यांनी फुलदाणी फळीवर ठेवली आणि कोट न काढता खुर्चीत बसले. अर्ध्या तासानं दार वाजलं. बॅगलीबाईंनी आत येऊन फुलदाणी सगळीकडून पाहिली, झाकण दोनदा उचललं, दोनदा ठेवलं, आत नाक घातलं. "आता कशी नवीकोरी झाली," त्या म्हणाल्या. "आणि तो वास तेवढा गेला मेला, बरं झालं."

"बॅगलीबाई," पर्स्लो म्हणाले, "तो डॉर्कसचा वास होता."

आवाज इतका लहान होता की बॅगलीबाईंना वाटलं त्यांनी घसा साफ केला. पण पर्स्लो थांबले नाहीत. त्यांनी सांगितलं की तिनं ऑगस्टात भरलं होतं, वरच्या थरावर तिची बोटं होती, वाकडी करंगळीसुद्धा. रोज एकच श्वास घेत होतो. ऑगस्टपर्यंत पुरवणार होतो. मला विचारलं आत काय आहे, तर मी पाचोळा म्हणालो. माझ्या तोंडानं म्हणालो. मग त्यांना पुढे बोलता येईना. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, सगळे महिने एकदम आले. पर्स्लो दोन्ही हातांत तोंड धरून रडले, मोठ्यानं, खांदे हलवत, आणि दार उघडं होतं तरी रडले.

दोन नवरे पुरलेल्या बॅगलीबाईंजवळ अशा वेळी बोलायला पुष्कळ होतं. ते सगळं तिथेच टाकून त्या वळल्या आणि निघून गेल्या. पर्स्लोंना वाटलं, झालं, आता उद्या ईस्टर, सगळ्या चर्चला कळणार.

बाई परत आल्या तेव्हा दम लागलेला होता. मुठीत काहीतरी होतं. ते त्यांनी पर्स्लोंच्या मांडीवर ठेवलं. मळकट कापडाची पुरचुंडी, निळ्या दोऱ्यानं बांधलेली. गाठ डॉर्कसची होती, दुहेरी, शेवटाला उलटी.

"यंदाच्या आदल्या नाताळातली," बॅगलीबाई म्हणाल्या. "कुठे ठेवली होती ते विचारू नका."

पर्स्लोंनी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. पलंगाखालचं भांडं ज्या कपाटात ठेवतात त्या कपाटात ती सव्वा वर्ष होती, कापराच्या वड्यांशेजारी.

"मला तो वास कधी आवडला नाही," बॅगलीबाई खाली बघत म्हणाल्या. "सोळा वर्षं ती देत होती आणि सोळा वर्षं मी छान आहे म्हणत होते. आता काय सांगायचं तिला. गल्लीत प्रत्येक घरी पडलेल्या असतील अशा, कपाटांतून, पेट्यांतून. कुणी टाकून देतं का? एकदा विचारायचंत हो. एकदा तरी विचारायचंत."

पर्स्लोंनी गाठ सोडली नाही, दोरा बाजूला सरकवून कापड हळूच मोकळं केलं आणि पाकळ्या फुलदाणीत ओतल्या. मूठभरच होत्या. बुडाशी पसरल्या आणि वरून काही दिसेना. मग त्यांनी आत नाक घातलं. आधी कापूर आला. त्याच्यामागून जे आलं त्याचं नाव घेण्यासारखं नव्हतं. त्याच्याही मागे, फार लांब, एक लवंग होती आणि एक गुलाब होता. पर्स्लोंनी डोळे मिटले.

बॅगलीबाई खिडकीशी जाऊन, समोरचं स्वतःचं घर बघत उभ्या राहिल्या. पर्स्लोंनी झाकण उचलून हातात घेतलं, लावायला म्हणून पुढे नेलं, आणि तसंच धरून, दुसरा श्वास घेतला.